गीता १.४६ : अर्जुन नक्की काय म्हणाला?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १, श्लोक ४६ (काही प्रतींत क्रमांक एकाने मागेपुढे असतो, गोंधळू नका).

पहिला अध्याय आपण सगळेच भरभर वाचतो. शंखांची नावं, दोन्हीकडच्या वीरांची यादी, मग अर्जुनाचं रडगाणं. कधी एकदा दुसरा अध्याय सुरू होतोय असं होतं. मीही कितीतरी वर्षं असंच वाचत आलो. खरं सांगायचं तर माझ्यासाठी पहिला अध्याय म्हणजे लोडिंग स्क्रीन होती. गीता पुढे आहे, तोवर थांबा.

आजच्या श्लोकात अर्जुन काय म्हणतो ते साध्या मराठीत सांगतो. तो म्हणतो, माझ्या हातात शस्त्र नसताना, मी काही प्रतिकार करत नसताना, कौरवांनी मला रणात मारून टाकलं तरी ते माझ्यासाठी जास्त भल्याचं होईल.

पुन्हा एकदा सावकाश वाचा. ‘मला लढायचं नाही’ हे त्याने आधीच सांगून झालंय. इथे तो एक पायरी खाली उतरलाय. मी मेलो तर बरं, असं तो म्हणतोय. आणि पुढच्याच श्लोकात धनुष्यबाण टाकून रथात मटकन खाली बसतो.

हा श्लोक मी शंभर वेळा तरी म्हटला असेन. ऐकला मात्र पहिल्यांदा गेल्या वर्षी.

झालं असं की आमच्या कंपनीने मानसिक संकटात असलेल्या लोकांसाठी हेल्पलाइन चालवणाऱ्या एका संस्थेशी वर्षभराची भागीदारी केली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. आमच्यातल्या काहींनी त्यांची फोनची यंत्रणा नीट करून द्यायची आणि ज्यांना इच्छा असेल त्यांनी प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवक व्हायचं, असा करार होता. मी पहिल्या यादीत नाव घातलं. कॉल राउटिंग, मिस्ड कॉलचा हिशोब, हे आपलं रोजचं काम. म्हटलं, सेवाही होईल आणि जास्त त्रासही नाही.

पहिल्या महिन्यात मी त्यांना एक छान डॅशबोर्ड बनवून दिला. किती कॉल आले, किती सुटले, सरासरी कॉल किती मिनिटांचा. सवयीने मी सरासरी वेळ वाढला की लाल आणि कमी झाला की हिरवा रंग ठेवला होता. तिथल्या समन्वयक ताईंनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “माणूस लवकर फोन ठेवतो तेव्हा हिरवं का होतं रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर करताना हाच तर धडा गिरवलेला असतो : कॉल जितका लहान तितकं काम चांगलं. तो रंग मी त्याच दिवशी काढला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण मला एक जुना कॉल आठवला होता.

२०१९ मध्ये, रात्री साडेअकराच्या सुमाराला हॉस्टेलमधल्या माझ्या रूममेटचा फोन आला होता. (हे लिहायला त्याची परवानगी आहे. हा मजकूर त्याने आधी वाचलाय आणि एक वाक्य काढायलाही लावलंय.) नोकरी गेली होती, घरी सांगितलेलं नव्हतं. बोलता बोलता म्हणाला, “कंटाळा आलाय यार सगळ्याचा. मी नसतो तर बरं झालं असतं.” मी काय केलं असेल? तुम्ही हा ब्लॉग रोज वाचता, तुम्हाला अंदाज असेलच. मी त्याला चाळीस मिनिटं गीता सांगितली. आत्मा अमर आहे, सुखदुःख येतात-जातात, ऊठ आणि कामाला लाग. मध्ये एकदा, असा विचार करणंसुद्धा पाप आहे, असंही म्हणालो. शेवटी तो म्हणाला, “हो रे, बरोबर आहे तुझं.” फोन ठेवला. मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पोस्ट लिहिली. ती पोस्ट आता इथे सापडणार नाही, मी काढून टाकली आहे.

तो आज आहे. त्याचं कारण मी नाही. त्या रात्री त्यांच्याकडे त्याची मावशी राहायला आली होती. ती दोन वाजता पाणी प्यायला उठली, खोलीतला दिवा दिसला, दार लोटून आत आली. काही विचारलं नाही. चहा टाकला, दोन कप घेऊन त्याच्या पलंगाच्या कडेला बसली. मग कधीतरी एवढंच म्हणाली, “काय होतंय बाळा?” पहाटेपर्यंत तो बोलत होता आणि ती बसून होती. सकाळी तीच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. हे सगळं मला त्याने दोन-तीन वर्षांनी सांगितलं, अगदी सहज, मिसळ खाताना. मी विचारलं, “माझ्याशी बोललास तेव्हा?” तो म्हणाला, “तू फार चांगलं बोलत होतास रे. मी फोन स्पीकरवर ठेवून भिंतीकडे बघत होतो.”

डॅशबोर्डवर माझा तो कॉल कुठल्या रंगाने दिसला असता, याचा विचार करत मी त्या रात्री घरी गेलो. आणि दुसऱ्या यादीत नाव घातलं.

प्रशिक्षण बरेच शनिवार-रविवार चाललं. तिथे आम्हाला काय बोलायचं हे फार कमी शिकवलं, काय बोलायचं नाही हे जास्त. सल्ला द्यायचा नाही. “सगळं ठीक होईल” म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला ठाऊक नसतं. “लोकांना याहून मोठी दुःखं आहेत” हे तर अजिबात नाही. समोरचा गप्प झाला तर ती शांतता आपल्या आवाजाने बुजवायची नाही, आपण आहोत एवढं कळू द्यायचं. आणि सगळ्यात अवघड : शंका आली तर सरळ विचारायचं, “जीव द्यायचा विचार मनात येतोय का?” मला वाटायचं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला पहिल्यांदाच कुणाजवळ तो शब्द मोठ्याने म्हणता येतो.

माझं भांडण झालं ते वेगळ्याच मुद्द्यावर. स्वयंसेवकाने स्वतःची श्रद्धा फोनवर आणायची नाही, असा नियम होता. मी ताईंना म्हणालो, “माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे. ज्याने मला तारलं ते मी दुसऱ्याला सांगायचंच नाही?” त्या म्हणाल्या, “ज्याला देव हवा असेल तो स्वतःच देवाबद्दल बोलेल. तेव्हा तू त्याच्या देवाबद्दल ऐक.” मी गप्प बसलो, पण पटलं नव्हतं. चार-पाच दिवस रागच होता म्हणा ना. रोज सकाळी इथे चिंतन लिहायचं आणि तिथे तोंडाला कुलूप.

याच रागात मी एकदा पहिला अध्याय उघडला, भगवंत काय करतात ते बघू म्हणून. आणि चक्क मोजायला बसलो. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार.

अर्जुनाचा शोक २८व्या श्लोकापासून ४६व्यापर्यंत चालतो. गात्रं गळताहेत, तोंडाला कोरड पडलीये, अंगाला कंप सुटलाय, गांडीव हातातून निसटतंय, त्वचा जळतेय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. आज हे कुणी फोनवर सांगितलं तर आपण पॅनिक अटॅक म्हणू. एवढ्या वेळात भगवंत किती बोलतात? शून्य. संपूर्ण पहिल्या अध्यायात त्यांचं एकच छोटं वाक्य आहे, २५व्या श्लोकात, तेही शोक सुरू व्हायच्या आधी : हे जमलेले कौरव बघ, एवढंच. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत एक अक्षर नाही. सर्वज्ञ आहेत, पुढच्या सतरा अध्यायांचं ज्ञान जवळ आहे, दोन्ही सैन्यं खोळंबली आहेत. तरी मध्येच तोडत नाहीत.

आता पुढची गंमत बघा. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत बोलतात, पण फक्त दोन श्लोक. तेही जवळजवळ मी मित्राला बोललो तेच. हे कसलं वेडं मन, हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ. आणि ते लागू पडत नाही! साक्षात भगवंताच्या तोंडून आलेलं असूनही. अर्जुन उलट वाद घालतो, पुन्हा रडतो, आणि सातव्या श्लोकात येऊन म्हणतो, मला काहीच कळेनासं झालंय, मी तुझा शिष्य आहे, मला सांग. नंतर नववा श्लोक : लढणार नाही, असं म्हणून तो गप्प बसला. खरा उपदेश सुरू होतो तो ११व्यापासून, त्याने स्वतः मागितल्यावर.

असं का असावं? भगवंताचे ते दोन श्लोक चुकले, असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. जुन्या टीकाकारांनी त्यांचे अर्थ आपापल्या परीने लावले आहेत आणि ते माझ्याहून खूप मोठे आहेत. माझं आपलं साधं मत असं की व्यासांनी ते दोन श्लोक आपल्यासाठी ठेवलेत. ‘ऊठ, हिंमत धर’ हे वाक्य कुणीही म्हटलं तरी बुडणाऱ्यापर्यंत पोचत नाही, हे आपल्याला दिसावं म्हणून.

उपमा ताणू नये हेही कळतं. भगवंतांना अर्जुनाकडून काहीतरी घडवून आणायचं होतं, त्याने उठून लढायला हवं होतं. हेल्पलाइनवरच्या माणसाला फोन करणाऱ्याकडून काहीच नको असतं. पण मग अठराव्या अध्यायातला ६३वा श्लोक आठवा. सगळं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. निर्णय शेवटी त्याच्या हातात ठेवला. आमच्या प्रशिक्षणाच्या वहीत हाच मुद्दा ‘फोन करणाऱ्याचा स्वतःचा निर्णय’ या मथळ्याखाली होता. मला हसूच आलं.

ही फोनवरची सेवा सुरू कशी झाली तेही सांगण्यासारखं आहे. चॅड वारा नावाचे इंग्लंडमधले एक धर्मगुरू होते. १९३५ मध्ये, अगदी नवखे असताना, त्यांना १४ वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पाळी आली होती आणि तिला वाटलं की आपल्याला काहीतरी भयंकर रोग झालाय. विचारायला कुणी नव्हतं. त्या पोरीने जीव दिला. पुढे १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमधून त्यांनी अशा लोकांसाठी फोन सुरू केला. लोक भेटायलाही येऊ लागले, बाहेर ताटकळत बसू लागले. मदतीला आलेले साधे स्वयंसेवक त्यांना चहा-कॉफी द्यायचे, सोबत बसायचे. हळूहळू वारांच्या लक्षात आलं की बाहेर बसलेल्यांपैकी अनेकांना आत त्यांच्याकडे येण्याची गरजच उरत नाहीये. मग त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं. आज ही संस्था सॅमॅरिटन्स म्हणून ओळखली जाते. नाव बायबलमधल्या कथेतलं, पण फोनवर धर्म सांगत नाहीत. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये ‘स्नेहा’ सुरू केली, तिथेही पाया स्वयंसेवकांचाच.

एक धर्मगुरू, ज्याचं कामच उपदेश करण्याचं, तो चहा देणाऱ्यांना म्हणतो की तुम्ही करताय तेच खरं काम. हे वाचल्यावर ताईंवरचा माझा राग गेला. मला मावशीचे दोन कप आठवले.

नवविधा भक्तीत पहिलं नाव श्रवणाचं आहे, कीर्तनाचं दुसरं. भागवतात प्रल्हाद तोच क्रम सांगतो, दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थही श्रवणापासूनच सुरुवात करतात. मी मात्र ब्लॉग सुरू केल्यापासून थेट दुसऱ्या नंबरवर उडी मारलेली. श्रवण म्हणजे हरिकथेचं श्रवण, हे मान्य. समोरच्याच्या हृदयात हरी आहे असं आपण रोज म्हणतो, तर त्याचं बोलणं त्या श्रवणात बसतं की नाही? मला वाटतं बसतं. तुमचं वेगळं मत असेल तर अवश्य कळवा.

वर्षभर मी दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळच्या पाळीला बसलो. कॉलमधला एकही तपशील इथे येणार नाही, गोपनीयता म्हणजे गोपनीयता. एवढं सांगतो की ते सिनेमात दाखवतात तसं नसतं. बरेच फोन लागतात आणि कुणी बोलत नाही. काही जण उचलल्याबरोबर ठेवतात, बहुधा धीर गोळा करत असतात. काही लोक शिव्या द्यायला करतात, काही घाणेरडं बोलायला. खूपसे फोन निव्वळ एकटेपणाचे. आणि मग एखादा असा येतो की तो संपल्यावर आपले हात थंड पडलेले असतात. पाळीत दोघे असतो ते यासाठीच. उठायच्या आधी एकमेकांशी बोलायचं, मनावर घेऊन घरी जायचं नाही. वर्षाच्या शेवटी आमच्या तुकडीतले निम्म्याहून कमी उरलो होतो. सोडून गेलेल्यांना नावं ठेवत नाही, प्रत्येकाची ताकद वेगळी.

भागीदारीचं वर्ष संपताना कंपनीतून एक मेल आला. सादरीकरणासाठी एक आकडा हवा होता : या उपक्रमातून किती जीव वाचले? सोबत मोठा चेक धरलेला फोटोही हवा होता, तो ताईंनी हसत हसत काढू दिला. पण आकडा? फोन करणाऱ्याचं नाव आम्ही विचारत नाही. तो पुन्हा फोन करेलच असं नाही. फोन ठेवल्यावर काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. हिरवा-लाल रंग नाहीच. आकडे आहेत ते दुसऱ्या बाजूचे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ जणांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. जे राहिले त्यांची नोंद कुठेच होत नाही.

कर्मावर अधिकार, फळावर नाही. हे मी टीशर्टवर छापलेलं पाहिलंय, मगवर पाहिलंय, अप्रायझलनंतर स्वतःची समजूत काढायला वापरलंय. तिथे खरं म्हणजे फळ मला दिसत होतंच, फक्त मनासारखं नव्हतं. फळ खरोखरच दिसत नाही, कधीच दिसणार नाही, अशा कामाला बसल्यावर हा श्लोक टोचतो. एका शनिवारी कॉल मध्येच तुटला. पुढचे दोन आठवडे मी रोज पेपर उघडताना घाबरत होतो. पुढच्या पाळीला जाऊ नये असं वाटत होतं. गेलो. निष्काम वगैरे काही नव्हतं त्यात, दुसऱ्या खुर्चीवरची बाई एकटी पडली असती म्हणून गेलो.

कंपनीने या वर्षी करार वाढवलेला नाही, विषय बदललाय, आता झाडं लावायची आहेत. झाडंही लावायला हवीतच. आम्ही तिघे आमच्या आम्ही जातोय.

थोडं कामाचं. तुम्हाला किंवा घरात कुणाला जड जात असेल तर सरकारची ‘टेलि मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जिवाला आत्ताच धोका असेल तर ११२. आणि ‘पाप आहे, गुन्हा आहे’ असं म्हणून कुणाला गप्प बसवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा प्रयत्नातून वाचलेल्या माणसाकडे तीव्र ताणाखाली असलेला माणूस म्हणून पाहायला सांगितलंय आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

गेल्या महिन्यात रात्री एक वाजता या ब्लॉगच्या इनबॉक्समध्ये एका वाचकाचा मेसेज आला. “दादा, एखादा श्लोक सांगा ना, मन खूप अस्वस्थ आहे.” पूर्वी मी दुसऱ्या मिनिटाला श्लोक, अर्थ आणि आपल्या जुन्या पोस्टची लिंक पाठवली असती. या वेळी लिहिलं, “सांगतो. आधी मला सांगशील का काय होतंय?” दोन टिका निळ्या झाल्या. वरती ‘टायपिंग’ दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, फोन ओट्यावर समोर ठेवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, लांबलचक. चार वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो. श्लोक राहूनच गेला, त्यानेही पुन्हा मागितला नाही.

उद्या अध्याय १, श्लोक ४७.

राम कृष्ण हरी.